पियानो कोणी चढवला?

मागच्या मैफलीत मावशीचा उजवा हात भलत्याच पट्टीवर पडला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात चोर शोधायला सुरुवात झाली.

माझी मावशी पियानो वाजवते. म्हणजे पाहुणे आले की वाजवते असं नाही, लोक तिकीट काढून ऐकायला येतात. शाळेच्या सभागृहातल्या एका खटारा पियानोवर ती शिकली. त्याच्या काही पट्ट्या मुक्या होत्या. तेवढे सूर ती तोंडाने म्हणायची, असं आई सांगते. मग स्पर्धा, मग शिष्यवृत्ती, मग देशोदेशीची सभागृहं, आणि आता विद्यापीठात प्राध्यापक. नुसती प्राध्यापक नाही, विभागप्रमुख. तिचे विद्यार्थी जिन्यात तिच्या चपलांचा आवाज ऐकला तरी बोटं सरळ करतात.

तिचा एक नियम सगळ्या विभागाला पाठ आहे. कार्यक्रमाच्या दिवशी नोटेशन घरी ठेवून यायचं. "समोर कागद लागत असेल तर तुमचं पाठ झालेलं नाही. आणि पाठ झालेलं नाही तर लोकांना कशाला बोलावलंत?" असं ती पहिल्याच तासाला सांगते आणि दोन-तीन जणांना तिथेच रडू फुटतं.

आणि तिचा कान! आमच्याकडे सुरांना पट्ट्यांवरून हाक मारतात: पांढरी एक ते पांढरी सात आणि काळी एक ते काळी पाच, झाले बारा. मावशीला कुठलाही आवाज ऐकवा, ती पट्टी सांगते. मी लहान असताना आमचा तो खेळच होता. मी ग्लासवर चमचा मारायचे, ती म्हणायची, "काळी दोन." फ्रिज घुरघुरला की "पांढरी एक, पण आळशी." तिच्या इमारतीतली लिफ्ट मजल्यावर थांबताना टिंग वाजते, ती पांढरी तीन. आम्ही दोघी लिफ्टमधून उतरताना ओरडायचो, "तीन आली, तीन आली!" माझं ओरडणं ऐकून तिने माझं नाव भोंगा ठेवलं. पियानोही तिने मला दोन वर्षं शिकवला. मग दोघींनी राजीखुशीने सोडून दिला. मला नोटेशन वाचता येतं, मी वाजवताना मात्र शेजारी खिडक्या लावतात.

तर ती मैफल. एका सोनाटाचा संथ भाग चालू होता. मावशीने तो आयुष्यात किती वेळा वाजवला असेल ते तिचं तिलाच माहीत. आणि मध्येच तिचा हात एक पट्टी वर पडला. पुढचे काही क्षण डावा हात एका घरात आणि उजवा शेजारच्या, असं झालं. मग तिने सावरलं. लोकांना कळलंही नसावं, टाळ्या तर कडकडून पडल्या. पण मावशी आत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"पियानो चढवलाय कुणीतरी," ती म्हणाली. "अख्खा. अर्ध्या सुराने."

"म्हणजे?"

"मी पांढरी एक दाबते आणि ऐकू येते काळी एक! अगं, हात एक सांगतोय, कान दुसरं, आणि हात कानामागे वर जातो. माणसाने वाजवायचं कसं?"

पियानो लावायचं काम पानाकाकांचं. त्यांच्या हातात कायम तो तारा पिळायचा पाना असतो म्हणून पानाकाका. विद्यापीठाचा पियानो तेच लावतात आणि मावशीच्या घरचाही. मावशीने घरी येऊन आपला पियानो उघडला, एक पट्टी दाबली आणि झाकण बंद केलं. तोही चढलेला!

"बघ," ती म्हणाली, "दोन्हीकडे हात त्यांचाच."

"पण काका असं का करतील?"

"ते का करतील? त्यांच्याकडून करवून घेतलं जातंय."

कोण करवून घेतंय हे तिने सांगितलं नाही, पण मला कळलं. लोणीसर. मावशीच्या हाताखाली एक सर आहेत, पुढचे विभागप्रमुख तेच होणार असं सगळे म्हणतात. त्यांचं बोलणं इतकं मऊ की घसरायला होतं. "मॅडम, आज काय वाजवलंत! मॅडम, ही साडी! मॅडम, तुम्ही नुसत्या जिन्यातून आलात तरी लय कळते!" मी त्यांना लोणीसर म्हणते, आता मावशीही तोंडातल्या तोंडात तेच म्हणते.

मी परवाच आंतरशालेय वादविवादात पहिली आले होते. समोरच्याला प्रश्न विचारून विचारून गार करायचं मला आता जमायला लागलंय, त्यामुळे तपास मीच हातात घेतला. पहिल्यांदा मोबाईलवर सूर मोजायचं ॲप घेतलं आणि मावशीच्या पियानोपुढे धरलं. ॲप म्हणालं, सगळं ठीक. मावशीने मोबाईलकडे असं पाहिलं, जणू तोही त्यांना फितूर आहे. मग तिने पानाकाकांना नको सांगितलं आणि दुसऱ्या गावाहून दुसरा माणूस बोलावला. त्याने सगळा पियानो तपासला, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "याला मी काय करू? उत्तम लागलाय."

तो गेटबाहेर जाईपर्यंत मावशी खिडकीतून पाहत होती. "याला पण गाठलं," ती म्हणाली.

आता रविवारी तिची मोठी मैफल होती. विद्यापीठात तिला पंचवीस वर्षं झाली म्हणून विभागानेच ठरवलेली. तोच सोनाटा.

"रविवारी पुन्हा हात चुकला तर मी स्टेज सोडणार," तिने आईला फोनवर सांगितलं. आईने फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून मी ऐकलं. "शिकवणंही सोडणार. माझेच हात जागेवर नसतील तर मी दुसऱ्यांचे कुठल्या तोंडाने धरू?"

"तू काहीही बोलतेस हं, ताई," आई म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिने जेवायला वाढलं ते वरण आणि भात वेगवेगळ्या ताटांत.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी दप्तरासकट विभागात गेले. सभागृहाला दुहेरी दार आहे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. दोन दारांच्या मध्ये एक माणूस उभा राहील एवढी अंधारी जागा आहे. मी तिथे शिरले. आतलं दार नीट लागत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. फटीतून पानाकाका दिसले. पियानोचं मोठं झाकण वर केलेलं आणि काका कमरेपर्यंत आत वाकलेले. शेजारी लोणीसर, हाताची घडी घालून.

"सगळाच अर्धा सूर उतरवता येईल का?" लोणीसर विचारत होते. आवाजात लोणी अजिबात नव्हतं. "रविवारपुरता."

"सर, दोनशेच्या वर तारा आहेत. एक सैल केली की शेजारीण रुसते. एका दिवसात उतरवलेला सूर टिकत नसतो."

"प्रयत्न तरी करा. आणि मॅडमना कळता कामा नये."

"मॅडमना?" पानाकाका आतूनच हसले. "त्या बाईंना भिंतीतला उंदीर कुठल्या पट्टीत ओरडतो ते कळतं. तुम्ही मला नोकरीवरून घालवणार."

माझं काळीज दप्तरात जाऊन बसलं. सापडले! मी पाऊल न वाजवता बाहेर पडले आणि मग पळतच सुटले. वाटेत मात्र एक गोष्ट टोचायला लागली. मावशी म्हणते पियानो चढवलाय. हे म्हणतात उतरवू. चोर झाले म्हणून काय, काहीतरी एक ठरवायला नको? वादविवादात समोरच्याने असं केलं असतं तर मी त्याला उभा चिरला असता.

मावशी इमारतीच्या दाराशीच भेटली, हातात भाजीच्या पिशव्या. मी एक पिशवी घेतली. एका दमात सगळं सांगणार होते, पण लिफ्टमध्ये शेजारच्या आजी होत्या, म्हणून तोंड मिटून उभी राहिले. लिफ्ट थांबली. टिंग.

"ही पण बिघडली बघ," मावशी सहज म्हणाली. "चार वाजते हल्ली."

"काय?"

"लिफ्ट गं. पांढरी चार. चढलीय." आणि ती चावी शोधायला लागली.

मी पिशवी धरून तिथेच उभी. पियानो पानाकाकांनी चढवला असेल. घरचाही चढवला असेल. पण लिफ्टचा सूर कोणी चढवला? लोणीसर काय रात्रंदिवस लिफ्टच्या टपावर बसून असतात? मग एकेक आठवायला लागलं. मावशीने रेकॉर्डप्लेअर दुरुस्तीला दिला होता, "वेगात फिरतो, सगळे चढे गातात" म्हणून. तो दुकानदाराने तसाच परत पाठवला होता. फ्रिजलाही मागे ती काहीतरी बोलली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती एव्हाना आत जाऊन भाजी निवडत गुणगुणत होती. आता माझा संशय कुणावर आला हे मला स्वतःलाच सांगायचं नव्हतं.

"काय गं भोंग्या, आज भोंगा बंद?"

"घसा बसलाय," मी म्हटलं. माझा घसा आजवर कधीच बसलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी विज्ञानाच्या बाईंकडून नादकाटा मागून घेतला. स्टीलचा दोन पायांचा चिमटा असतो तो. आपटला की एकच सूर देतो, आणि ज्याला त्याला हवा तसा देत नाही. त्यात बॅटरी नाही, इंटरनेट नाही, त्याला कुणी लोणी लावू शकत नाही. बाईंनी मला पांढऱ्या सहाचा दिला. तो घेऊन मी सरळ सभागृहात गेले. पानाकाका डबा खात होते.

"काका, तुमचा नादकाटा दाखवा."

"का बरं?"

"तपास चालू आहे."

काकांनी भुवया वर केल्या, पण खिशातून काढून दिला. मी त्यांचा गुडघ्यावर आपटला, मग माझा. दोन्ही पियानोच्या लाकडावर टेकवले. एकच सूर. पियानोची पांढरी सहा दाबली. तोच.

"झाला तपास?" काका म्हणाले. "आता आम्हाला अटक?"

"काल तुम्ही आणि सर पियानो उतरवायचं बोलत होता. मी ऐकलंय."

काकांचा घास हातातच राहिला. "ते सरांना विचार," ते म्हणाले आणि माझ्या मागे पाहिलं. लोणीसर दारात उभे होते.

"अरे वा, आज तर आमच्या छोट्या वक्त्या..." त्यांनी सुरुवात केली.

"सर, लोणी नको. पियानो का उतरवायचाय?"

ते पियानोच्या बाकावर बसले. बराच वेळ गुडघ्यांवरची पँट सरळ करत राहिले. मग म्हणाले, "असा कान असलेल्या माणसांचं कधीकधी होतं गं. वय वाढलं की कानातला काटा सरकतो. सगळं जग थोडं वर ऐकू येतं. ऐकणं कमी होत नाही, फक्त सरकतं. परवा मॅडमनी वर्गात एका मुलाला थांबवलं, चुकीच्या सुरावर सुरुवात केलीस म्हणून. तो बरोबर होता. तेव्हा मला कळलं."

"मग सांगायचं ना तिला!"

"माझ्या गुरुजींचं असंच झालं होतं. मी सांगितलं." सरांनी पियानोच्या झाकणावरून बोट फिरवलं. "त्यांनी झाकण लावलं ते लावलंच. म्हटलं, मॅडमचा रविवार तरी निघू दे. पियानोच खाली आणला तर त्यांना बरोबर ऐकू येईल."

"आणि मी सांगितलं, ते होत नाही," पानाकाका डब्यातून म्हणाले.

मला त्यांच्यावर चिडायचं होतं, जमलं नाही. पण मनात म्हटलं, हे खरं कशावरून? त्यांना विभागप्रमुख व्हायचंय ते व्हायचंयच. मावशीने झाकण लावलं तर खुर्ची कुणाला मिळणार? मी त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. त्यांनीही पाहिलं. पापणी त्यांनी आधी मिटली, पण तो पुरावा होत नाही.

एवढं मात्र ठरलं. सांगितलं तर मावशी झाकण लावू शकते. नाही सांगितलं तर रविवारी सगळ्यांसमोर हात चुकणार आणि मग ती लावणारच. नाही सांगितलं तर हमखास, सांगितलं तर कदाचित. मी कदाचित घेतलं.

संध्याकाळी मावशी पियानोपाशी बसली होती, झाकण उघडं, हात मांडीवर. मी तिच्या मागे गेले. "मावशी, खेळायचं? आपला जुना खेळ."

"आत्ता?"

"एकच." मी नादकाटा कोपरावर आपटला आणि टेबलावर टेकवला. सूर खोलीभर उभा राहिला.

"काळी पाच," ती म्हणाली. एका क्षणात, नेहमीसारखी.

मी नादकाटा तिच्या हातात दिला. त्याच्या देठावर पांढऱ्या सहाची खूण कोरलेली होती, ती तिने चष्मा लावून वाचली. मग पुन्हा आपटला. पुन्हा. पुन्हा. दर वेळी कानाशी नेत होती, ओठ हलत होते.

"कुणी दिला हा?"

"शाळेतून आणलाय. प्रयोगशाळेतला."

"शाळेला काय कळतंय! मुलांनी पाडून पाडून..."

"पाडून नादकाटा चढत नाही, मावशी. आणि काकांचाही असाच वाजतो. मी दोन्ही लावून बघितले."

"म्हणजे तूही त्यांच्याकडे जाऊन आलीस?" तिचा आवाज एकदम परका झाला. "तुलाही पाठवलंय का त्यांनी?"

ते मला असं लागलं की डोळ्यांत पाणीच आलं. पण मी तिला लिफ्टचं विचारलं. काहीच न सजवता, सरळ. "मावशी, आपण लिफ्टमधून उतरताना काय ओरडायचो?"

ती मग उठली, दार उघडलं, अनवाणीच बाहेर गेली आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट खालून आली. टिंग. दार उघडलं, आत कुणी नव्हतं, दार मिटलं. तिने पुन्हा दाबलं. टिंग. शेजारच्या आजी दारातून डोकावल्या, "जायचंय का कुठे?" मावशी म्हणाली, "नाही हो, ऐकतेय," आणि जिन्याच्या पायरीवर बसली.

"तीन आली, तीन आली," ती म्हणाली. अगदी हळू, आणि सूर तिच्या हिशेबाने अगदी बरोबर. मी शेजारी बसले. तिचा हात हातात घेतला.

"किती जणांना माहितीय?"

"काका, सर आणि मी."

"लोण्याला!" ती म्हणाली आणि कपाळाला हात लावला. "आता दुःख कशाचं करू ते पण समजत नाही."

सरांचं पियानो उतरवायचं मीच सांगून टाकलं, आणि त्यांच्या गुरुजींचंही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झाकण लावलं? मूर्ख माणूस. डोळे कुठे गेले होते त्याचे?" आणि उठून घरात गेली. कपाटावरून तिने सोनाटाचं नोटेशन काढलं. त्यावर इतकी धूळ होती की दोघींनाही शिंका आल्या. "कान म्हणेल ते म्हणू दे. मी कागदावर आहे ते वाजवणार. पण पानं उलटायला कुणीतरी लागेल, ज्याला वाचता येतं आणि जो गप्प बसेल."

"वाचता येतं," मी म्हटलं.

"दुसऱ्या अटीची मला भीती आहे."

शनिवारी दिवसभर आम्ही तेच केलं. पान उलटायला डावीकडे उभं राहायचं, वरचा कोपरा धरायचा, तिने मान हलवली की एकदम, आणि बाही पट्ट्यांवर येऊ द्यायची नाही. मी पहिल्यांदा दोन पानं एकदम उलटली. ती वाजवत वाजवतच म्हणाली, "पुढच्या आठवड्यात पोचलीस, परत ये."

रविवारी ती स्टेजवर आली आणि तिच्या मागून मी, नोटेशन घेऊन. विद्यार्थ्यांच्या रांगांमधून कुजबुज उठली. मॅडम कागद घेऊन! मावशीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिला भाग गेला. संथ भाग आला. ती जागा जवळ यायला लागली तशी मी पानाचा वरचा कोपरा धरला. तिचा उजवा हात वर उचलला गेला आणि मी पाहिलं, तो वरच्याच बाजूला झुकला होता. एक पट्टी वर, जिकडे कान ओढत होता. तिची नजर कागदावर होती. कपाळावर एक शीर उभी राहिली. हात हवेत अगदी थोडा सरकला आणि पडला. जागेवर. बरोबर जागेवर! मान हलली. मी एकच पान उलटलं.

शेवटी लोक उभे राहिले. मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात आठवलं, पानं उलटणाऱ्याने वाजवायच्या नसतात.

आत सगळ्यांनी तिला गराडा घातला. एका धीट विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, म्हणजे आता आम्हीही कार्यक्रमात नोटेशन ठेवायचं का?"

"मुळीच नाही. तुमचे कान जागेवर आहेत. माझे अर्धा सूर वर राहायला गेलेत." तिने ते वेळ सांगावी इतकं सरळ सांगितलं. मग ती पानाकाकांकडे वळली. "उद्या घरचा पियानो बघायला या."

"तो ठीक आहे, बाई."

"माहितीय. तरी या. चहा प्यायला."

लोणीसर पुढे आले. "मॅडम, आज तर..." आणि थांबले. खरंच थांबले. मावशी त्यांना म्हणाली, "सूर ओळखायच्या परीक्षेचे पेपर यापुढे तुम्ही तपासा. वर्ग मीच घेणार."

"हो, मॅडम." त्यांचा चेहरा फुलला. मी तो बारकाईने पाहिला. आनंद कशाचा होता, तिचा हात जागेवर पडल्याचा की पेपर मिळाल्याचा? मला अजूनही सांगता येत नाही. माझं लक्ष आहे त्यांच्यावर.

घरी आलो. लिफ्ट थांबली. टिंग.

"किती?" मावशीने विचारलं.

"तीन."

"नक्की ना? तुला कुणी पढवून पाठवलेलं नाही?"

मी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. "तीन," ती म्हणाली, "तू म्हणतेस तर," आणि चावी माझ्या हातात देऊन पुढे झाली.